मामाजींनी खुर्ची फिरवली, त्याचा अर्थ

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूच्या एका गावातून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव देऊ नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून देत नाही. पत्र चार पानांचं आहे. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत:

"आमचं जुनं कवेलूचं घर पाडून यंदा स्लॅबचं बांधलं. निम्मा पैसा धाकट्या भाऊजींनी दिला. ते पुण्याला नोकरीवर आहेत. वास्तुपूजेला येताना ते हॉलसाठी एक मोठा फोटो घेऊन आले. पाच फूट रुंद, ॲक्रिलिकमध्ये बसवलेला. १८५७ च्या लढाईचा आहे, लखनौचा. मागे पडका वाडा, काही माणसं, एक घोडा आणि समोर जमिनीवर हाडंच हाडं, कवट्यासुद्धा. भाऊजी म्हणतात हे आपले शहीद आहेत, जगातला पहिला युद्धाचा फोटो आहे, विदेशात म्युझियममध्ये लावतात. माझे मामाजी (सासरे) फौजेत होते. ७१ च्या लढाईत बंगालकडे होते. लढाईचं कधी बोलत नाहीत, १५ ऑगस्टला मेडल लावून शाळेत जातात तेवढंच. फोटो लागल्यापासून ते सकाळचा चहा ओसरीत घेतात. पाहुणे आले की हॉलमध्ये बसतात, पण खुर्ची फिरवून, त्या भिंतीकडे पाठ करून. विचारलं तर म्हणतात, 'काही नाही वं माय, इकडून हवा लागते.' आमची आठ वर्षांची पोरगी विचारते, आई, हे हाडं खरे आहेत का वं? शेजारच्या काकू म्हणतात, लढाईचा फोटो लावला की घरात भांडणं लागतात. आमचे हे म्हणतात, त्यानं घराले पैसा लावला, एका फोटोपायी त्याचं मन कायले मोडायचं. मला तो फोटो आवडत नाही, पण का आवडत नाही ते धड सांगता येत नाही. काढावा का?"

ताई, हो. हॉलमधून काढा.

पण कशासाठी काढायचा हे आधी घरात नीट बोललं जाऊ द्या. भलत्या कारणाने काढलात तर भाऊजी दुखावतील, आणि मामाजींना जे होतंय ते तसंच राहील.

शेजारच्या काकूंचं कारण पहिल्यांदा बाजूला ठेवा. महाभारताचं चित्र घरात नको, लढाईचं नको, हे आपण सगळेच लहानपणापासून ऐकतो. काकूंना तुमच्या घराची काळजी आहे, त्याबद्दल त्यांना बोलू नका. पण हे कारण भाऊजींपुढे ठेवलंत की ते अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकतील, आणि मग खरी गोष्ट बोलायची जागाच उरणार नाही. खरी गोष्ट त्या फोटोत आहे आणि तुमच्या ओसरीत आहे. आधी फोटोचं सांगते, कारण "का आवडत नाही ते सांगता येत नाही" हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. मला वाटतं तुमच्या डोळ्यांना जे दिसलं ते बरोबर दिसलं आहे. त्यामागची हकिगत तेवढी तुम्हाला माहीत नव्हती.

तुमच्या वर्णनावरून हा फोटो लखनौच्या सिकंदर बागेचा आहे. अवधचे शेवटचे नवाब वाजिद अली शाह यांची ही बाग, भोवती उंच भिंत. १८५७ च्या उठावात बंडवाल्या शिपायांनी ती धरून ठेवली होती. १६ नोव्हेंबर १८५७ ला सर कॉलिन कॅम्पबेलची फौज लखनौच्या रेसिडेन्सीत, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या कोठीत, अडकलेल्या इंग्रजांना सोडवायला निघाली, तेव्हा वाटेत ही बाग लागली. तोफांनी भिंतीला भगदाड पाडलं आणि फौज आत घुसली. आतल्या शिपायांना बाहेर पडायला वाट राहिली नाही. सुमारे दोन हजार माणसं त्या एका आवारात मारली गेली. घुसणाऱ्यांत ९३ वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटण होती आणि ४ थी पंजाब इन्फंट्रीही होती. म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना आपल्याकडची माणसं होती. भाऊजी "आपले शहीद" म्हणतात तेव्हा हेही त्यांना माहीत असू द्या. त्याच लढाईतल्या ऊदा देवींची आठवण लखनौत आजही जागती आहे. झाडावर चढून गोळ्या झाडणारी बाई म्हणून त्यांची कथा सांगतात, त्यांचा पुतळाही तिथे उभा आहे. शेजारीच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेची बाग आहे.

लढाई संपली. इंग्रजांनी आपली मेलेली माणसं पुरली. हिंदी शिपायांची प्रेतं तशीच राहिली. इंग्रजांनाही तेव्हा शहर सोडून मागे हटावं लागलं आणि लखनौ पुन्हा त्यांच्या हाती आलं ते मार्च १८५८ मध्ये. त्यानंतर फेलिचे बेआतो नावाचा छायाचित्रकार तिथे पोचला. त्याआधी तो क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढून आला होता. तुमच्या भिंतीवरचा फोटो त्याने काढला तेव्हा लढाई होऊन काही महिने उलटले होते. म्हणून त्यात प्रेतं नाहीत, हाडं आहेत.

आता पुढचं जरा जपून वाचा. लखनौत त्या काळी न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले जॉर्ज कॅम्पबेल नावाचे अधिकारी होते. त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की ती प्रेतं तोवर झाकली गेली होती, आणि फोटोवाल्याने फोटोसाठी ती पुन्हा उघडी करायला लावली. हे तंतोतंत असंच घडलं का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ती हाडं कॅमेऱ्याच्या सोयीने मांडलेली असावीत, असं फोटो बारकाईने पाहणाऱ्या अनेकांचं म्हणणं आहे. (हेच कॅम्पबेल काही वर्षांनी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होऊन आपल्या नागपुरात आले.) फोटोच्या प्रती इंग्रज अधिकाऱ्यांनी विकत घेतल्या, आल्बमांत लावल्या, विलायतेला नेल्या. त्यांच्या लेखी तो विजयाचा पुरावा होता.

तुम्हाला जे खटकलं ते हेच असावं, असं मला वाटतं. ज्यांना कोणी अग्नी दिला नाही, माती दिली नाही, त्यांना जिंकणाऱ्याने पुन्हा एकदा लोकांना दाखवण्यासाठी मांडलं. आणि आपण तो फोटो जिथून बघतो, ती जागा जिंकणाऱ्याने कॅमेरा ठेवला तीच आहे. हे माहीत असून कोणी तो फोटो जवळ ठेवला तर मी त्याला नाव ठेवणार नाही. त्या शिपायांचं एवढंच तर उरलंय. पण सोफ्याच्या वर, टीव्हीच्या समोर, पडद्याच्या रंगाला शोभेल असा लावणं वेगळं. तिथे तो सजावट होतो.

भाऊजींचं एक म्हणणं मात्र थोडं दुरुस्त करायला हवं. हा जगातला पहिला युद्धफोटो नाही. १८४० च्या दशकातल्या अमेरिका-मेक्सिको युद्धाचे फोटो आहेत, १८५५ चे क्रिमियाचे आहेत. युद्धात मेलेल्या माणसांचे अवशेष दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी हा एक, असं म्हटलं तर बरोबर होईल. त्या काळी रणांगणाचे फोटो असे मेलेल्यांचे किंवा मोडक्या भिंतींचेच का, याला कारण आहे. कॅमेऱ्याला एका फोटोसाठी कित्येक सेकंद लागत. पळणारा घोडा, वार करणारा हात, सगळं धुरकट होऊन जाई. हलत नाही अशाच गोष्टी स्पष्ट येत. म्हणून लढाई संपल्यावर फोटोवाला यायचा, आणि जे हाती लागे त्याची जुळवाजुळव करायचा. बेआतो काही एकटा नव्हता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६३ ला गेटिसबर्गच्या रणांगणावर छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या माणसांनी एका मेलेल्या सैनिकाला उचलून दगडांच्या आडोशाला नेऊन ठेवलं, शेजारी बंदूक टेकवली आणि 'बंडखोर नेमबाजाचं ठाणं' अशा नावाने तो फोटो प्रसिद्ध केला. तोच देह दुसऱ्या जागी पडलेला दिसतो असेही फोटो आहेत, त्यावरूनच शंभरेक वर्षांनी हे उघडकीला आलं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचा फ्रँक हर्ली वेगवेगळ्या काचेच्या निगेटिव्ह जोडून एकच भव्य फोटो तयार करायचा, त्यावरून त्याचं आपल्याच फौजेच्या इतिहासकाराशी भांडण झालं. सगळेच युद्धफोटो खोटे असतात असं मला म्हणायचं नाही. पण असा फोटो घरात आणायचा तर तो कोणी, कधी आणि कशासाठी काढला हे आणणाऱ्याला सांगता आलं पाहिजे, एवढी माझी अट आहे.

आता म्युझियमचं. भाऊजी म्हणतात ते खरं आहे, हे फोटो मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत आणि असायलाच हवेत. पण तिथे माणूस ठरवून जातो, खालची पाटी वाचतो, बघतो आणि बाहेर पडतो. तुमच्या हॉलमध्ये पोरगी त्या फोटोखाली बसून पाढे लिहिते, पाहुण्यांपुढे चिवड्याच्या प्लेटा येतात, आणि एक म्हातारा माणूस, ज्याने खरंखुरं रणांगण पाहिलंय, तो रोज त्याच्यासमोरून देवघराकडे जातो. त्याला बाहेर पडायचा दरवाजा नाही. घरच त्याचं आहे.

यावर १८६२ सालची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत अँटिएटमची लढाई झाली आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला छायाचित्रकार मॅथ्यू ब्रॅडीच्या गॅलरीत तिथल्या मृतांचे फोटो लावले. लोक जिने चढून रांगेने आले, भिंगं लावून ते छोटे फोटो पाहू लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तेव्हा त्यावर लिहिलं. त्या लेखातला एक विचार माझ्या मनातून जात नाही. लेखकाने म्हटलं होतं, त्या फोटोंवर वाकलेल्या बायकांपैकी एखादीला त्यात आपला नवरा, मुलगा किंवा भाऊ ओळखू आला, तर त्या क्षणी मला तिथे थांबायचं नाही. म्हणजे ज्यांचं कोणी त्या मातीत पडलं आहे, त्यांच्या डोळ्यांना तो फोटो इतरांपेक्षा वेगळा दिसतो, हे तेव्हाच्या एका वार्ताहराला कळलं होतं.

तुमच्या मामाजींच्या डोळ्यांना काय दिसतं, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणून मी त्यांच्या मनाचा अंदाज बांधत बसणार नाही. पण त्यांनी चहाची जागा बदलली आणि खुर्ची फिरवली. त्यांच्या पिढीतला फौजी माणूस यापेक्षा जास्त बोलेल अशी वाट पाहू नका. त्यांनी तुम्हाला उत्तर दिलेलं आहे. "हवा लागते" हे तुमच्या समाधानासाठी होतं, आणि त्यातही तुम्हाला अवघड होऊ नये ही काळजी होती.

त्यांच्याशी बोलायचं असेल तर "मामाजी, फोटोचा त्रास होतो का?" असं विचारू नका. उत्तर "नाही" येणार, आणि एकदा नाही म्हटल्यावर तो शब्द मागे घेणं त्यांना जड जाईल. घरातल्या मोठ्या माणसाला कामाचं विचारावं तसं विचारा. सकाळी ओसरीत चहा देताना, बाकी कोणी नसताना: "मामाजी, तो फोटो हॉलमधून काढून वरच्या खोलीत लावायचा म्हणतोय. तिथे बरा राहील ना?" याला "लावा" एवढं म्हणता येतं. काही उघड करावं लागत नाही. कदाचित ते म्हणतील, राहू द्या, मला काही नाही. तरीही मी काढायचंच सांगेन, पण मग कारण पोरीचं द्या, त्यांचं देऊ नका. आणि कधी तेच बोलायला लागले, तर हातातलं काम ठेवून ऐका. मध्ये प्रश्न विचारू नका, "विसरून जा आता" असं तर मुळीच म्हणू नका.

एक गोष्ट मात्र लक्ष ठेवून पाहा. रात्री झोप लागते का, दचकून उठतात का, जेवण कमी झालंय का, फटाक्याच्या किंवा गाडीचं टायर फुटल्याच्या आवाजाने अंग चोरतात का. १९७१ च्या युद्धाहून परतलेल्या जवानांना हे कोणी विचारलंच नाही. लढाईच्या आघाताने मनावर राहणाऱ्या आजाराला डॉक्टरांच्या अमेरिकन पुस्तकात आजचं नाव मिळालं तेच मुळी १९८० मध्ये. तोवर आपले जवान गावी येऊन वावरात रुळलेही होते. इतक्या वर्षांनी एखाद्या फोटोने जुनं वर येऊ शकतं आणि त्यावर उपचारही आहेत. तुमच्या जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येईल. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. माजी सैनिकांची आरोग्य योजना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांचाही आधार घ्या. मामाजींचं कार्ड काढलेलं आहे का, तेही या निमित्ताने बघून घ्या. बरीच गावाकडची मंडळी ते काढायचंच विसरतात.

आता भाऊजींशी कोणी बोलायचं? तुम्ही नाही. हे मी ठामपणे सांगते. तुम्ही बोललात की ती "वहिनीची नापसंती" होणार आणि पुढची दहा वर्षं दर सणाला निघणार. हे बोलणं तुमच्या यजमानांचं आहे. मोठा भाऊ म्हणून आणि वडिलांचा मुलगा म्हणून. भाऊजींनी घराला निम्मा पैसा दिला, त्याचं मोल आहे, ते तोंडाने बोलूनही दाखवा. पण त्या पैशात बाबांची बसायची जागा विकत घेतलेली नाही, आणि भाऊजींनी तसं कधी म्हटलंही नसणार. त्यांना बहुतेक खुर्ची फिरवल्याचं माहीतच नाही. वास्तुपूजेच्या गर्दीत फोटो लावला आणि दुसऱ्या दिवशी ते पुण्याला गेले असतील.

त्यांच्या पाठीमागे फोटो उतरवून ठेवू नका. दिवाळीत आल्यावर रिकामी भिंत दिसली की पहिला घास कडू होईल. आधी फोन करा. यजमानांनी साधं एवढं म्हणावं: "बाबा त्या भिंतीकडे पाठ करून बसतात रे. मी दोन महिने पाहतोय. फोटो तुझ्या खोलीत लावू का?" बायको म्हणते, शेजारी म्हणतात, पोरगी घाबरते, यातलं काहीही जोडू नका. एका मुलाने दुसऱ्या मुलाला बापाबद्दल सांगावं, एवढंच असू द्या. मला वाटतं पुढचं बोलणं भाऊजीच करतील.

फोटोचं पुढे काय करायचं, याबद्दल माझं एक मत आहे आणि ते भाऊजींना आवडेल असं वाटतं. बेआतोच्या मूळ प्रती साधारण फूटभर रुंदीच्या आहेत. त्या हातात धरून, आल्बम मांडीवर घेऊन, जवळून पाहण्यासाठी होत्या. पाच फुटांवर नेल्यावर समोरची कवटी तळहाताएवढी होते आणि मागची इमारत, जिच्यात ही माणसं शेवटपर्यंत लढली, ती नुसती पार्श्वभूमी उरते. म्हणून त्यांनी याच फोटोची फूटभर प्रत काढून घ्यावी, साध्या मॅट कागदावर, आणि आपल्या खोलीत टेबलाजवळ ठेवावी. खाली मराठीत पाटी लिहावी. मी लिहिली असती तर अशी: "सिकंदर बाग, लखनौ. लढाई १६ नोव्हेंबर १८५७. फोटो १८५८, फेलिचे बेआतो. ही हाडं इथे मेलेल्या हिंदी शिपायांची आहेत. इंग्रजांनी आपले मृत पुरले, हे तसेच राहिले." एवढं वाचून जो फोटो बघेल, तो नीट बघेल. पाच फुटी ॲक्रिलिक गावच्या शाळेला भेट देऊन टाकावं असा मोह होईल, तो टाळा. तिथेही लहान लेकरं आहेत. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला हवं असेल तर विचारा, नाहीतर कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

रिकाम्या भिंतीवर लगेच ७१ चा फोटो आणून लावू नका. ढाक्यात १६ डिसेंबर १९७१ ला जनरल नियाझी शरणागतीवर सही करताहेत आणि शेजारी जनरल अरोरा बसलेत, तो. तो फोटो मला फार जवळचा आहे, त्यात कोणाचं प्रेत नाही, एका लढाईचा शेवट आहे. पण तो मामाजींच्या भिंतीवर लागावा की नाही हे मामाजींनीच ठरवायचं. त्यांच्या वतीने अभिमान मिरवायची घाई आपण करू नये. त्यांना तो हवा असेल तर ते सांगतील. नसेल तर भिंत रिकामी राहू द्या, नव्या घराच्या भिंतीला एवढी काय घाई. तसंही यंदाचंच प्लास्टर आहे, एक पावसाळा जाऊन ओल पूर्ण सुकेपर्यंत तिथे कागदाचं काहीच लावू नये, मागून बुरशी धरते.

पोरीचं उत्तर राहिलं. "हाडं खरी आहेत का?" याला "नाही गं, चित्र आहे" असं म्हणू नका. ती आठ वर्षांची आहे, गावात राहते, तिने तिरडी पाहिली आहे, तेरवीचं जेवण जेवली आहे. तिला खोटं लगेच कळतं. "हो, खरी आहेत. खूप वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली, त्यात मेलेल्या माणसांची आहेत." एवढं सांगा आणि थांबा. ती पुढे विचारेल, मग त्यांना जाळलं का नाही? तर तेही सांगा, की जिंकलेल्या लोकांनी त्यांना तसंच सोडलं, आणि ते चुकीचं होतं. बाकी १८५७ चं ती शाळेत शिकेलच. आजोबांना जाऊन विचार, असं मात्र सांगू नका. सध्या तरी नाही.

आणि भाऊजींसाठी एक काम सुचवते. त्यांना रणांगणाच्या फोटोची ओढ आहे, नजरही आहे, नाहीतर इतका अवघड फोटो निवडून एवढा पैसा कोण घालेल. १८५५ मध्ये क्रिमियात रॉजर फेंटनने एका ओसाड खोऱ्याचा फोटो काढला. त्यात एकही माणूस नाही. एक रस्ता, दोन्ही बाजूंना उतार आणि सगळीकडे पडलेले तोफगोळे. त्याचे दोन फोटो आहेत, एकात रस्त्यावर गोळे आहेत, एकात नाहीत. गोळे नंतर रस्त्यावर आणून ठेवले की आधीच होते, यावर आजही लोक वाद घालतात. पण माणूस नसतानाही तो फोटो बघताना पोटात गोळा येतो. तसा फोटो आपल्या वऱ्हाडात काढता येईल. अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या माळावर २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरच्या रघूजी भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेपुढे हरली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला पडला. कर्नल स्टीव्हनसनच्या माणसांनी तोफा मेळघाटच्या डोंगरांतून ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या, तटाला भगदाडं पाडली. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारले गेले. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. हे सगळं घडलं तेव्हा फोटोग्राफी नव्हतीच, तिची घोषणा झाली १८३९ मध्ये. म्हणजे आपल्या या लढायांचा एकही फोटो नाही. तट अजून उभा आहे, कापसाची वावरं आहेत, दिवाळीनंतर दुपारच्या कलत्या उन्हात तो दगड फार स्पष्ट दिसतो. भाऊजींनी सुटीत कॅमेरा घेऊन तिथे जावं. त्यातला एखादा फोटो पाच फूट मोठा करून हॉलमध्ये लावला, तर त्याखाली मामाजी कसे बसतात ते तुम्हाला दिसेलच.

जाणार असाल तर घरातले सगळे मिळून जा, मामाजींनाही विचारा. आर्वीहून अमरावती, पुढे परतवाडा, मग चिखलदऱ्याचा घाट. सकाळी लवकर निघा, डबे बरोबर घ्या. किल्ल्यात आत पायीच फिरावं लागतं आणि वाट उंचसखल आहे. मामाजींचे गुडघे दुखत असतील तर त्यांना दरवाजापाशी सावलीत बसवा, पोरगी त्यांच्याजवळ थांबेल.